सिद्रामचा पुढचा दात

माझ्याबद्दल आमच्या घरात सगळ्यांना सगळं माहीत आहे. मी पत्त्यांत लबाडी करते, उपासाच्या दिवशी चहात बिस्किट बुडवते, आणि भांडणात शेवटचा शब्द माझाच असावा लागतो. यातलं काही मी लपवत नाही, लपवायची गरजही वाटत नाही. पण ही एक गोष्ट मी आजवर कुणापुढे काढलेली नाही. नवऱ्यापुढे नाही. मुलीपुढेही नाही — आणि ती तर स्वतः दातांची डॉक्टर आहे, तिला एका वाक्यात कळली असती. कदाचित म्हणूनच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, आणि मध्येच "जाऊ दे गं, होतं असं" म्हणून माझी समजूत काढणार नाही, एवढ्यासाठी तुम्हाला सांगते आहे.

आधी एक स्पष्ट करते. मी चांगली डॉक्टर होते. हे म्हणताना मान खाली घालण्याची रीत आहे, पण मला ती कधी जमली नाही. सत्तरच्या दशकात सोलापुरात नव्या पेठेत माझा दवाखाना होता. दातांचं काम करणारी बाई तेव्हा शहरात शोधून सापडली नसती. सुरुवातीला लोक आत यायचे, माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "डॉक्टर कुठं गेलेत?" मी म्हणायचे, "बसा, येतीलच आत्ता." मग आत जाऊन पांढरा कोट चढवायचा आणि बाहेर येऊन म्हणायचं, "हं, बोला." दात उपटायला ताकद लागते, बाईच्या मनगटात ती कुठली — असा सगळा मामला. मग एकदा एका पैलवानाची अक्कलदाढ काढली. गडी सुई बघूनच आडवा झाला, दाढ निघाली तरी त्याला पत्ता नाही. तालमीत बातमी गेली, तालमीतून गल्लीत, आणि त्यानंतर डॉक्टर कुठं गेलेत हे कुणी विचारलं नाही.

तर हात चांगला होता. आणि हातापेक्षाही माझे कोपरे चांगले होते. हे जरा समजावून सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे.

त्या काळी किडलेल्या दाढेत चांदी भरायची. चांदी दाताला चिकटत नाही, ती अडकून बसते. म्हणून दाढेत खड्डा करायचा तो खोक्यासारखा — तळ सपाट, भिंती उभ्या, कोपरे काटकोनात. मुंबईला कॉलेजात आमचे सर सगळ्यांचे खड्डे बारीक सळईनं तपासायचे. माझ्या खड्ड्यातून सळई फिरवून झाल्यावर एकदा त्यांनी बाकीच्या मुलांना बोलावलं. म्हणाले, "बघा. कोपरा म्हणजे हा असा." वीस वर्षांच्या मुलीला आणखी काय लागतं? त्या वाक्यावर मी पुढे कित्येक वर्षं जगले.

पण पुढच्या दातावर चिनी मातीची टोपी बसवायची असली की हिशेब उलटा होतो. आम्ही तिला जॅकेट म्हणायचो. मोडका दात सगळीकडून कोरून त्याचा छोटा खुंट ठेवायचा, त्यावर सिमेंट लावून हुबेहूब दातासारखी टोपी बसवायची. चिनी माती वरून येणारा दाब वाटेल तेवढा सोसते, पण ताणलं जाणं तिला सोसत नाही. आणि ताण कुठे गोळा होतो? टोकदार कोपऱ्यात. शहाबादी फरशीला नळासाठी चौकोनी खाच पाडून बघा, तडा जायचा तो खाचेच्या कोपऱ्यातूनच जातो. म्हणून जॅकेटखालचा खुंट सगळीकडून गोलसर करायचा, एकही धार शिल्लक ठेवायची नाही. हेही त्याच सरांनी शिकवलं होतं. मी पहिल्या बाकावर बसून ऐकलं होतं. तेव्हा "मला माहीत नव्हतं" हे म्हणायची सोय नाही.

मग? सांगते. इतकी वर्षं मी घाई केली नाही, आता दोन मिनिटांनी काय बिघडतंय?

बहात्तरचा दुष्काळ सरला होता आणि लग्नं पुन्हा वाजतगाजत व्हायला लागली होती. एके दिवशी होटगीचा सिद्राम दवाखान्यात आला. तिशीचा असेल, काळासावळा, केस चापून बसवलेले. तो शहरातल्या एका बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. बँडच्या ट्रकची मागची फळी, फाळका, सोडताना तो तोंडावर आपटला होता आणि वरचा पुढचा दात निम्मा मोडला होता. तुम्ही क्लॅरनेट जवळून बघितला असेल तर लक्षात येईल — त्याचं तोंड वरच्या पुढच्या दातांखाली धरून वाजवतात. दातच निम्मा, तर पकड कुठली? सूर थरथरतो. आणि वरातीच्या बँडमध्ये गाणं गातो तो क्लॅरनेटच, बाकीचे त्याच्यामागून जातात.

तो थेट येऊन खुर्चीत बसला. डॉक्टर कुठे आहेत म्हणाला नाही. एवढंच विचारलं, "बाई, वाजवाय यील नव्हं परत?"

मी म्हणाले, "खुशाल वाजवा. एक वेळ तुमचा क्लॅरनेट मोडेल, माझा दात मोडायचा नाही."

माझा दात! बघा म्हणजे.

खुंट कोरला. खांदे चौकोनी, वरची कड पटाशीसारखी सरळ, आरशात बघितलं तर डोळ्यांचं पारणं फिटावं असा. त्यानंतर बारीक चाक फिरवून त्याच्या धारा घासून गोल करायच्या होत्या. थोड्या वेळाचं काम. विसरले का? नाही. हातात चाक घेतलं होतं मी. घेतलं — आणि ठेवून दिलं. इतका स्वच्छ कोपरा, तो आपल्याच हातानं बोथट करायचा, हे जिवावर आलं. त्यावर टोपी बसणार होती, पुन्हा तो कुणाला दिसणारही नव्हता. तरी मन होईना. गर्व माणसाला कुठे कुठे असतो याला काही मर्यादा आहे का?

साचा मुंबईला गेला, जॅकेट पार्सलनं आलं, बसवलं. रंग असा जुळला की शेजारचा दात खोटा वाटावा. सिद्रामनं आरसा सोडलाच नाही. "लई झ्याक झालाय की बाई!" म्हणाला. आणि नंतर एकदा आमच्या रस्त्यावरून वरात चालली होती, ती ऐन दवाखान्यापुढे थांबली. नवरदेव घोड्यावर घामाघूम, वऱ्हाडी खोळंबलेले — आणि सिद्राम माझ्या गॅलरीकडे तोंड करून वाजवतोय. अख्खं गाणं वाजवलं त्यानं. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण लोक चालायचे थांबले होते हे दिसत होतं. मी वर अशी उभी होते, जणू ते मीच वाजवलं आहे.

जॅकेट त्याच लग्नसराईत मोडलं. साखर पेठेत एका विणकराच्या घरचं लग्न, वरात मांडवाशी आलेली, आणि सूर वर नेता नेता कट्‌ झालं. सिद्रामच्या तोंडात तुकडे. गाणं मधेच तुटलं, पोरं हसायला लागली, मुलीकडचे म्हणाले हा कसला बँड. दुसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडायला गेले तर पायरीवर तो बसलेला, शेजारी त्याची बायको महादेवी. त्यानं रुमालाची गाठ सोडली. त्यात दोन तुकडे होते. धुऊन आणले होते.

मी भिंग घेतलं. तडा कुठून निघालाय हे बघायला मला फार वेळ लागला नाही. आतल्या कोपऱ्यातून निघून सरळ वर. मग त्याच्या तोंडात बघितलं. खुंट तसाच होता, कोपरा तसाच. सळई फिरवली असती तर सरांनी पुन्हा मुलांना बोलावलं असतं.

म्हणायचं काय होतं? "सिद्राम, चूक माझी झाली. पुन्हा नीट करून देते." एवढंच. दार उघडं होतं, बाहेर बाकावर तोवर लोक येऊन बसले होते, त्यांनी ऐकलं असतं. ऐकू दिलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं?

मी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"काय न्हाय बाई. तुमी सांगितल्यापासनं भाकरीबी मागल्या दातानं खातोय."

"ऊस?"

"शिवलो न्हाय."

"शेंगा?"

"कुटून देती ही," म्हणून त्यानं महादेवीकडे मान केली.

बघा, त्यानं मला एकही फट ठेवली नव्हती. सांगितलेलं सगळं पाळलं होतं. मग उरलं काय? जे मी स्वतः खुशाल करा म्हणाले होते, तेच. मी आवाज चढवून म्हणाले, "मग क्लॅरनेटच. एवढा जोर रोजच्या रोज त्या दातावर, मोडणार नाही तर काय? आता दात हवा की क्लॅरनेट, तुम्ही ठरवा."

महादेवी चटकन म्हणाली, "पर बाई, तुमीच म्हनला हुता की—"

"गप की गं," सिद्राम म्हणाला. "बाईंना ठावं नसंल व्हय?"

हे वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. त्यालाही आठवत होतं मी काय म्हणाले होते ते. तिलाही. मलाही. तिघांपैकी एकटी ती बोलायला निघाली आणि तिला त्यानं गप्प केलं — माझ्यासाठी. मी ते दोन तुकडे कापसाच्या बोळ्यांच्या बादलीत टाकले. त्यानं हात पुढे केला होता, ते त्याला जवळ ठेवायचे होते. मी म्हणाले, "काय करायचंय त्यांचं?"

दुसरं जॅकेट मी करून दिलं. तो खुंट मी इतका निगुतीनं गोल केला की माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम असेल. चूक गुपचूप निस्तरली आणि दोष त्याच्या पदरात टाकला. वर पैसे घेतले नाहीत. होटगीत बोभाटा झाला की डॉक्टरीणबाई मनानं लई मोठ्या. आणि मी त्याला सांगितलं, आता भाकरी खा, शेंगा खा, हुरडा खा, ऊस खा, कशाला भिऊ नका — फक्त क्लॅरनेट नको.

इथे जरा थांबा. ऊस दातानं सोलताना पुढच्या दातावर जो जोर येतो, त्याच्यापुढे क्लॅरनेटचा जोर म्हणजे काहीच नाही. ऊस चालेल पण क्लॅरनेट चालणार नाही, असं सांगणारी डॉक्टर एक तर अडाणी असली पाहिजे, नाहीतर खोटारडी. मी अडाणी नव्हते हे वर सांगितलंच आहे.

मग सोडलं का नाही त्याला वाजवायला? नंतर, गुपचूप? दात तर आता पक्का होता. पण त्यातच तर गोम होती. त्या दातावर तो वाजवायला लागला असता आणि दात टिकला असता, तर पहिला कशानं मोडला हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. खोटं उभं राहायचं तर क्लॅरनेट बंदच राहायला हवा होता. एवढा सरळ हिशेब. आणि तो मी डोकं शांत ठेवून केला, रागाच्या भरात नाही.

बँडचे मास्तर एकदा स्वतः आले. म्हातारे गृहस्थ, मेंदी लावलेली दाढी, बोलणं अदबीचं. म्हणाले, "बाईसाब, सिद्राम के बिगर पार्टी को मजाच नै आ रा. कुछ तो तरकीब करो ना. ऊपर से रबर लगाए तो?"

रबर लावून सहज भागलं असतं. खरं तर रबरही लागलं नसतं. मी त्यांच्यापुढे दोन-चार इंग्रजी शब्द फेकले, हाडाचं काहीतरी सांगितलं, आणि वर म्हणाले, "उद्या दुसरा दातही जाईल, मग जबाबदारी तुमची." म्हातारा सलाम करून गेला. दार लोटताना म्हणाला, "आप बोले तो सहीच होंगा." म्हणजे मी दुसऱ्यांदा खोटं बोलले. पहिल्यांदा घाबरून झालं असं म्हणावं, तर दुसऱ्यांदा कशानं झालं?

बँडमध्ये क्लॅरनेट सोडलेल्या माणसाला काय काम देतात, माहीत आहे? खुळखुळा. ज्याला काहीच येत नाही त्याच्या हातात खुळखुळा देऊन रांगेच्या शेवटी उभं करतात, संख्या भरायला. सिद्राम तिथे गेला. त्याच गणवेशात, त्याच वराती, फक्त मागे. मी त्याला रस्त्यात बघायची. माझ्याकडे लक्ष गेलं की तो खुळखुळा धरलेला हात कपाळाशी न्यायचा आणि तोंडभर हसायचा. दात चमकायचा. मी हात हलवायची. मला लाज वाटायची का? वाटायची. घरी येऊन कुणावर तरी उगाच ओरडायची. पण लाज वाटून घेणं फुकट असतं. तोंड उघडायला किंमत पडते, आणि ती मी मोजली नाही.

त्यात भर म्हणजे तो माझी वाहवा करत फिरायचा. होटगीहून पेशंट यायचे ते सांगत यायचे, "सिद्रामनं धाडलंय." त्यानं त्यांना सांगितलेलं असायचं की डॉक्टरचं ऐकलं की दात टिकतो, माझा बघा. जे बिनचूक काम मी त्याच्या तोंडात केलं होतं, तेच माझ्या खोट्याचा पुरावा म्हणून तो गावभर दाखवत होता. खोटं बोलून इतकं यश माझ्याखेरीज कुणाला मिळालं असेल, असं मला वाटत नाही.

एक सबब माझ्याजवळ वर्षानुवर्षं तयार होती. बाई डॉक्टर, तिची एक चूक म्हणजे सगळ्या बायांची चूक, लोक टपलेलेच होते, कशी कबूल करणार? सबब खरी आहे. टपलेले होतेच. पण सिद्राम टपलेला नव्हता. पहिल्या दिवशी तो सरळ येऊन माझ्यापुढे बसला होता. तेव्हा ती सबब दुसऱ्या कुणासाठी ठेवते, इथे ती चालत नाही.

आता शेवटचं, आणि मला वाटतं हेच सगळ्यात वाईट.

दशक संपत आलं होतं. सिद्राम दात दाखवायला आला. दुखत काही नव्हतं, तो असाच वर्षाकाठी यायचा. बरोबर महादेवी होती. एरवी ती बाहेर बाकावर बसायची, त्या दिवशी आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी आरसा घातला, दातावर टकटक केलं, कडेनं सळई फिरवली. कुठे फट नाही, कुठे चीर नाही. एवढा ऊस खाऊन, एवढ्या भाकऱ्या मोडून, कालच बसवल्यासारखा.

तोंड पुसता पुसता तो म्हणाला, "बाई, एक इचारू का? रागवू नगा. क्लारनेट अजून घरात हाय माझ्यापाशी. बँडात न्हाय म्हनत मी. घरातल्या घरात, सांजंचं, जरासं वाजवलं तर चालंल का? ही म्हनती, इचारून तर बगा."

खोलीत चौथं कुणी नव्हतं. दार लावलेलं होतं. त्यानं मला जुनं काही कबूल करायला सांगितलंच नव्हतं. "बघा वाजवून" — दोन शब्द. दोन शब्दांत मला काही न गमावता ते सगळं परत देता आलं असतं, आणि तो त्याला माझा मोठेपणाच समजला असता. महादेवी माझ्याकडे बघत होती. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे.

मी म्हणाले, "विषाची परीक्षा कशाला घ्यायची, सिद्राम?"

तो हसला. "तेबी खरंच की," म्हणाला.

ती हसली नाही. पदर नीट केला आणि त्याच्या आधी बाहेर पडली. त्यानंतर ती माझ्या दवाखान्यात कधी आली नाही. क्लॅरनेट त्यानं मास्तरांना देऊन टाकला, हे मला पुढे कुणाकडून तरी कळलं. सिद्राम आता नाही. दात शेवटपर्यंत जागेवर होता म्हणे.

त्या दातावर त्याला मरेपर्यंत वाजवता आलं असतं. मी तो नुकताच तपासला होता, मला ते माहीत होतं. मी हात धुतले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.